'पर्सनल'च्या आड कोण लपलंय?

दोन महिन्यांपूर्वी तरुणांच्या एका शिबिरात मला पोटगी आणि वारसाहक्क या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यामुळे बोलायला उदाहरणांची कमी नव्हती. बोलून झालं, प्रश्न सुरू झाले. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिच्या नानांची जमीन मामूंनी आपल्या नावावर करून घेतली होती, अम्मीचं नाव सात-बाऱ्यावर कुठेच नव्हतं. आता काही करता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी उत्तर द्यायच्या आत पुढच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला, अदबीनं बोलणारा. म्हणाला, "मॅडम, हे आमचे पर्सनल मामले आहेत. म्हणून तर त्याला पर्सनल लॉ म्हणतात. यात कोर्टाचा आणि सरकारचा काय संबंध?"

टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली.

शिबिर संपल्यावर मी तिला गाठून तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पण त्या मुलाच्या वाक्याचं उत्तर मला जागेवर सुचलं नव्हतं. ते परतीच्या एसटीत सुचलं आणि तेच इथे लिहिते आहे. तो मुलगा वाईट नाही आणि एकटाही नाही. हेच वाक्य मी निकाहाच्या मांडवात ऐकलंय, कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकलंय, टीव्हीवरच्या चर्चेत ऐकलंय. एका इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. हा घोळ आपोआप झाला असेल, पण तो चालू ठेवण्यात कुणाचा तरी फायदा आहे.

एक शब्द, तीन अर्थ

आपण दिवसातून किती वेळा 'पर्सनल' म्हणतो ते मोजून पाहा. ऑफिसचा नंबर वेगळा, पर्सनल नंबर वेगळा. मित्राशी वाद झाला की 'पर्सनल घेऊ नकोस'. कुणी पगार विचारला की 'जरा पर्सनल प्रश्न आहे'. कोर्टानं पर्सनली हजर राहायला सांगितलं तर वकील पाठवून भागत नाही, जातीनं यावं लागतं. बँकेतून रोज फोन येतो, पर्सनल लोन हवंय का?

या सगळ्यांत शब्द एकच असला तरी अर्थ निदान तीन आहेत. पहिला, खाजगी, म्हणजे जिथे दुसऱ्यानं नाक खुपसू नये असं. दुसरा, स्वतः, जातीनं. तिसरा अर्थ आपल्या सहसा लक्षात येत नाही. तो म्हणजे माणसाला चिकटलेलं, माणूस जाईल तिथे त्याच्याबरोबर जाणारं. पर्सनल लोन काही खाजगी नसतं. त्याची नोंद बँकेकडे असते, हप्ता थकला तर वसुलीवाला दारात येतो. ते घर किंवा सोनं गहाण ठेवून घेतलेलं नसतं, माणसाची पत पाहून दिलेलं असतं, म्हणून त्याला पर्सनल म्हणतात.

'पर्सनल लॉ'मधला पर्सनल हा तिसऱ्या अर्थाचा आहे. कायदा दोन प्रकारे लागू होऊ शकतो. एक, जागेनुसार. मुंबई-पुणे रस्त्यावर गाडी चालवणारा कुणीही असो, वेगमर्यादा सगळ्यांना सारखीच. दुसरा, माणसानुसार. रोमचं साम्राज्य मोडल्यानंतरच्या युरोपात एकाच गावात राहणाऱ्या फ्रँक माणसाला फ्रँकांचा कायदा आणि रोमन माणसाला रोमन कायदा लागू होत असे. माणूस कुठल्या समूहात जन्मला यावर त्याचा कायदा ठरायचा आणि तो त्याच्याबरोबर फिरायचा. अशा कायद्याला कायद्याच्या भाषेत पर्सनल म्हणतात. इथे खाजगीपणाचा काहीच संबंध नाही.

आणि जरा विचार करा, कायदा खाजगी असेल तरी कसा? जो कायदा न्यायाधीश वापरतो, ज्याच्या हुकुमाची बजावणी बेलिफ करतो, ज्याच्या आधारानं तलाठी फेरफार नोंदवतो, तो खाजगी कुठला?

हे नाव आलं कुठून?

शरीअत जुनी आहे. 'मुस्लिम पर्सनल लॉ' हे नाव मात्र आपल्याला कुठल्या इमामानं दिलेलं नाही. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्ज बंगालचा गव्हर्नर असताना कंपनीच्या न्यायालयांची योजना ठरली. वारसा, लग्न, जात आणि इतर धार्मिक रूढींच्या बाबतीत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावावा, असं त्यात होतं. फौजदारी न्याय त्या काळी इस्लामी कायद्यानं चालत असे. इंग्रजांनी तो आधी बदलत नेला आणि पुढे १८६०चा दंडविधान व १८७२चा पुरावा कायदा आणून कायमचा बाजूला केला. तेव्हापासून चोरी, खून, साक्ष यांतलं काहीच आपल्याला 'पर्सनल' वाटत नाही. ज्या गोष्टींशी महसूल, व्यापार आणि बंदोबस्त जोडलेला होता त्या राज्यकर्त्यांनी आपल्या हाती घेतल्या आणि बायको, मुलगी, बहीण यांचे प्रश्न 'तुमचे तुम्ही बघा' म्हणून सोडून दिले. ही रेघ कंपनीच्या कचेरीत मारली गेली. आज आपण तिलाच दीनची हद्द समजून पहारा देतो आहोत.

अरबीतही असंच झालं. इजिप्तमध्ये कादरी पाशांनी १८७५मध्ये कौटुंबिक नियमांची संहिता तयार केली, तिच्या नावात 'अहवाल शख्सिया' हा शब्दप्रयोग आहे. तो युरोपीय कायद्यातल्या कल्पनेवरून घेतलेला आहे. जुन्या फिक्हच्या ग्रंथांत निकाह, तलाक, वारसा यांची वेगवेगळी प्रकरणं असतात, त्या सगळ्यांवर 'पर्सनल' अशी एकच पाटी नसते.

आता आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. १८४७मध्ये त्या वेळच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन मुलींनी दावे लावले. त्यांची मागणी एवढीच होती की कुराणात मुलीचा जो वाटा सांगितलाय तो आम्हाला द्या. समोरच्या पुरुषांचं म्हणणं होतं की आमच्या जमातीची रूढी वेगळी आहे, मुलींना वारसा मिळत नाही. सर अर्स्किन पेरी यांनी रूढीच्या बाजूनं निकाल दिला आणि मुली हरल्या. त्या खटल्यात कुराण मुलींच्या हातात होतं आणि 'हे आमच्यातलं आहे' ही ढाल पुरुषांच्या. शिबिरातल्या टाळ्या ऐकताना मला त्या मुली आठवायला हव्या होत्या.

पुढे १९३७चा शरीअत कायदा आला तो अशा रूढी मोडायलाच. तो केंद्रीय कायदेमंडळानं केला. मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी तो मागितला होता, उलेमांचा त्याला पाठिंबा होता. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की सरकारचा काय संबंध. १९३९मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवरा बेपत्ता झाला, पोसेनासा झाला, छळू लागला तरी हनफी मतानुसार बाईला सुटका मिळणं जवळपास अशक्य होतं. काही स्त्रिया निकाह तुटावा म्हणून धर्म सोडू लागल्या होत्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या कट्टर परंपरावादी आलिमांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली आणि कायदेमंडळानं तिचा कायदा केला. म्हणजे अडलेल्या बाईसाठी एका मसलकातून दुसऱ्या मसलकात जाता येतं, कायदेमंडळाच्या दारात जाता येतं, हे आपल्याच आलिमांनी दाखवून दिलेलं आहे.

आणि संविधान काय म्हणतं? समवर्ती सूचीतली पाचवी नोंद काढून वाचा. लग्न, तलाक, वारसा, दत्तक आणि पर्सनल लॉखाली येणारे इतर विषय तिथे नोंदवलेले आहेत. म्हणजे त्यांवर संसद आणि राज्याची विधिमंडळं कायदे करू शकतात. खाजगी बाबी कुणी समवर्ती सूचीत घालतं का?

हक्कसोड

त्या मुलीच्या अम्मीकडे परत येऊ. तिनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. हा कागद महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाप गेल्यावर भाऊ बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जातो, चहा पाजतो, अंगठा किंवा सही घेतो, ईदला साडी देतो. हिंदूंमध्ये चालतं तसंच आपल्यातही चालतं. यात आपण कमालीचे राष्ट्रीय प्रवाहात आहोत!

सूरह निसानं मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो मुलाच्या निम्मा का, हा प्रश्न माझ्याही मनात आहे आणि त्यावर बोलायला मला संकोच नाही. पण आज तो निम्माही किती बहिणींच्या हाती पडतो? तीन तलाकवर मोर्चे निघाले, 'शरीअत में दखल' नको म्हणून सह्यांच्या मोहिमा झाल्या. बहिणीचा कुराणी वाटा परत द्या म्हणून निघालेला एक तरी मोर्चा तुमच्या आठवणीत आहे का? १९३७च्या कायद्याचं दुसरं कलम वाचा. शरीअत लागू करताना त्यात शेतजमीन वगळलेली आहे. त्या वेळी शेतजमिनीचा विषय प्रांतांकडे होता हे त्याचं कारण. दक्षिणेतल्या काही राज्यांनी ही फट नंतर बुजवली. पण सगळीकडे ती बुजवावी म्हणून आपल्या नेत्यांनी रस्त्यावर यावं एवढी ती त्यांना कधी बोचली नाही. जमिनीचा प्रश्न आला की शरीअतची आठवण अशी मंद होते.

तिच्या अम्मीच्या बाबतीत मी तिला सांगितलं ते इतरांच्याही उपयोगाचं आहे. सही फसवून किंवा दबावाखाली घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. त्याला मुदत असते, म्हणून कागद घेऊन लगेच वकिलाकडे जा. आणि अजून सही झालेली नसेल तर ती करूच नका.

पुरुषवाचक

शाळेत आपण 'पर्सनल प्रोनाउन' शिकलो. मराठी व्याकरणात त्याला 'पुरुषवाचक सर्वनाम' म्हणतात. पर्सनल लॉचं भाषांतर आपण 'व्यक्तिगत कायदा' असं करतो. व्याकरणातल्यासारखं 'पुरुषवाचक कायदा' केलं असतं तर पुष्कळ गैरसमज टळले असते.

व्याकरणात पुरुष तीन. बोलणारा पहिला, ज्याच्याशी बोलतो तो दुसरा आणि जिच्याविषयी बोलतो ती तिसरी. आपल्या पर्सनल लॉच्या चर्चेत 'आम्ही' म्हणजे मंचावरचे बुजुर्ग आणि 'तुम्ही' म्हणजे सरकार. बाई कायम तृतीय पुरुषी: 'तिला इस्लामनं सगळे हक्क दिले आहेत.' तिनं 'मला' म्हणत तोंड उघडलं की ते घरातलं धुणं चौकात धुणं होतं.

हा रोग फक्त आपल्याला जडलाय असं कुणी समजू नये. १९४६च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानं हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी केली, तेव्हा त्याला आव्हान मिळालं. १९५१मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. पण त्याच निकालात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी असंही म्हटलं की संहितेत न बांधलेला पर्सनल लॉ मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाही. छागला स्वतः मुसलमान होते आणि पुढे समान नागरी कायद्याच्या बाजूनं बोलत राहिले. त्यांच्याच निकालाची भिंत नंतर सगळ्या धर्मांतल्या स्त्रियांना आडवी आली.

आता २०१७चा ऑगस्ट आठवा. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तीन तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी बाद ठरवला. अल्पमतातल्या न्यायमूर्तींचं म्हणणं होतं की पर्सनल लॉला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. दोनच दिवसांनी, २४ ऑगस्टला, त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 'पर्सनल'चे दोन अर्थ अठ्ठेचाळीस तासांच्या आत एकाच इमारतीतून वेगवेगळे होऊन बाहेर पडले. दुसऱ्या निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे. खाजगीपणाचा हक्क माणसाचा असतो, आणि घराच्या चार भिंतींआड बाईवर होणारा अन्याय झाकायला तो पडदा म्हणून वापरता येणार नाही. आपण पहिल्या निकालावर वर्षभर भांडलो. दुसरा किती जणांनी वाचला?

जे खरंच पर्सनल आहे

तो दुसरा निकाल आपल्यासाठी फार मोलाचा आहे. कारण ज्या अर्थानं 'पर्सनल' शब्द पवित्र आहे, त्या अर्थानं तो आज आपल्याकडून रोज हिसकावला जातोय.

माझ्या फ्रिजमध्ये काय आहे हे पर्सनल आहे. २०१५मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. राज्याबाहेर कापलेलं गोमांस जवळ बाळगणं हाही त्यात गुन्हा होता. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं आणि कारण दिलं खाजगीपणाचं: घरात काय खावं हे सरकारनं डोकावून पाहायचं नाही. हा 'पर्सनल'चा खरा विजय होता.

मी कुणाशी लग्न करते हे पर्सनल आहे. पण १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत लावली जाते आणि कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र सरकारनं आंतरधर्मीय विवाहांसाठी 'समन्वय समिती' नेमली. सज्ञान माणसांच्या लग्नात समितीचं काय काम? उत्तराखंडात जानेवारी २०२५पासून समान नागरी संहिता लागू झाली. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंद केलीच पाहिजे, नाहीतर तुरुंगवास, असं त्यात लिहिलं आहे. ज्यांनी समानतेच्या नावानं हे आणलं त्यांना समानता हवी होती की पाळत, हे यावरून ओळखा. आणि अनुसूचित जमातींना त्यातून वगळलं आहे, म्हणजे ती पुरती समानही नाही. या सरकारी नजरेविरुद्ध मी त्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहीन.

पण मग त्यानंही एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. केरळच्या हादियाचा निकाह उच्च न्यायालयानं रद्द केला, तेव्हा आपण सगळे म्हणालो की सज्ञान मुलीची निवड आहे, बापाचा आणि कोर्टाचा काय संबंध. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. बरोबरच होतं. आता उद्या आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीनं दुसऱ्या धर्माच्या मुलाशी लग्न केलं, तर तेही तितकंच पर्सनल राहील ना? की तेव्हा तो लगेच जमातीचा मामला होईल? हादियासाठी वापरलेला शब्द तिच्यासाठी वापरता येत नसेल, तर आपल्याला 'पर्सनल' नकोच होतं, फक्त मालकी हवी होती.

गंमत अशी की उलटसुलट वापर दोन्हीकडे एकच आहे. सरकारला आणि रस्त्यावरच्या टोळक्यांना आमचं ताट, आमचं लग्न, आमचं घर सार्वजनिक करायचं आहे. आमच्या पुढाऱ्यांना पोटगी, वारसा, तलाक खाजगी करायचा आहे. एकानं दार फोडायचं, दुसऱ्यानं बाहेरून कडी लावायची. आत बसलेल्या बाईला दोघांपासूनही सुटका हवी आहे.

'पण ही वेळ नाही'

इथवर वाचून कुणीतरी म्हणेल, सगळं खरं आहे, पण ही वेळ नाही. बुलडोझर फिरतायत, घर भाड्यानं मिळत नाही, दाढी-टोपी पाहून लोकलमध्ये हाणामारी होते. अशा वेळी आपल्याच उणिवा दाखवल्या तर त्या कुणाच्या हातात पडतील?

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मीही याच नावानं भाड्याचं घर शोधलेलं आहे. पण योग्य वेळ कधी होती ते तरी सांगा. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर गेल्या. एकतर्फी तलाक बंद करा, सवत आणणं बंद करा, एवढंच मागत होत्या. तेव्हाही वेळ नव्हती. १९८५मध्ये शाहबानोला पोटगी मिळाली तेव्हाही नव्हती. लाखोंचे मोर्चे काढून १९८६चा कायदा करवून घेतला, आणि २००१मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात न्यायालयानं त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की तलाक दिलेल्या बाईच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद नवऱ्यानं इद्दतीच्या काळातच करून द्यायला हवी. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की फौजदारी संहितेतल्या कलम १२५खाली पोटगी मागायचा रस्ताही तिला खुला आहे. एवढ्या वर्षांच्या आरडाओरड्यातून पदरात काय पडलं? पोटगी काही थांबली नाही, फक्त 'हे लोक बायकांना पोटगीही देत नाहीत' हा शिक्का कपाळावर कायम बसला.

आणि आपण दार उघडलं नाही म्हणून ते दुसऱ्या कुणी उघडलं. २०१९चा तलाकविरोधी कायदा घ्या. तीन तलाक म्हटल्यावर निकाह मोडतच नाही, असं म्हणायचं आणि न मोडलेल्या निकाहासाठी नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद! बायकोला टाकून देणाऱ्या दुसऱ्या धर्माच्या नवऱ्याला त्या टाकण्याबद्दल अशी कैद नाही. हा कायदा अन्यायाचा आहे, असं मी कोर्टात आणि बाहेर म्हणत आले आहे. पण त्याला जागा कुणी करून दिली? एका दमात तलाक वाईट, गुनाह, बिदअत, पण लागू, असं पिढ्यान् पिढ्या सांगणाऱ्यांनी. थानवींनी दाखवलेली हिंमत त्यांच्या वारसदारांनी दाखवली असती, तर २०१९ला कुणाला आमच्या बहिणींचा कैवारी व्हायची संधीच मिळाली नसती.

मला काय हवंय?

मला कुणा एका धर्माची संहिता सगळ्यांवर 'समान' म्हणून नको आहे. गोव्यात शरीअत कायदा कधी लागूच झाला नाही. तिथल्या मुसलमानांना पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, आणि त्यांची नमाज किंवा रोजा त्यामुळे अडलेला नाही. पण त्या गाजलेल्या समान कायद्यातही हिंदू पुरुषाला ठरावीक परिस्थितीत दुसऱ्या लग्नाची मुभा देणारी जुनी तरतूद होती. तेव्हा नुसत्या 'समान' शब्दानंही भुलू नका. शब्द पाहायचा नाही, त्याखाली बाईच्या हाती काय पडतं ते पाहायचं.

मला हवं आहे ते तुमच्या हातात आहे, आजपासून. पहिली गोष्ट, 'पर्सनल लॉ' म्हणणं सोडा, 'कौटुंबिक कायदा' म्हणा. कुटुंब म्हटलं की त्यात बाई दिसते, मूल दिसतं. दुसरी, स्वतःच्या निकाहनाम्यात अटी लिहा. तलाक-ए-तफवीज, म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत बायकोला स्वतः तलाक घ्यायचा अधिकार, फिक्हलाही मान्य आहे आणि कोर्टालाही. दुसरा निकाह केला तर हा अधिकार वापरता येईल, अशी अट घालता येते. मेहर नावापुरता नको, आणि उधार तर नकोच. मुलांनो, या अटी मुलीनं मागायची वाट पाहू नका, तुम्हीच मांडा. तिसरी, तुमच्या घरात बहिणीचा, फुफीचा वाटा राहिला असेल तर तो द्या. यासाठी ना संसद लागते, ना सुप्रीम कोर्ट, ना बोर्ड.

आणि चौथी. पुढच्या वेळी कुणी 'हा आमचा पर्सनल मामला आहे' म्हणालं, तर एकच विचारा: यातली 'पर्सन' कोण? जिच्या आयुष्याचा निर्णय होतोय ती स्वतः हे म्हणत असेल, तर दार बंद करा आणि कुणालाही आत येऊ देऊ नका, पोलीस असो की पेशइमाम. तिच्या वतीनं दुसराच कुणी म्हणत असेल, तर मामला पर्सनल नाही. तो सत्तेचा आहे, आणि सत्तेला प्रश्न विचारायलाच हवेत.

शिबिरातल्या त्या मुलाला मी हा लेख पाठवणार आहे. त्याचं उत्तर आलं तर वाचायला मला आवडेल. मुलगी पुढच्या आठवड्यात अम्मीला घेऊन येणार आहे. येताना हक्कसोडपत्राची नक्कल आणि जुना सात-बारा घेऊन यायला मी तिला सांगितलं आहे.